ब्रॉडीसाहेबाची पाण्यातली जबानी

भैयाजी कापगते माणूस वाईट नव्हता, पण विश्वास नावाची गोष्ट त्याच्या घरात जपूनच वापरली जायची. दुधात पाणी आहे का, हे तो रोज सकाळी बोट बुडवून बघायचा. आणि दूध घरच्याच म्हशीचं असायचं. बायको रुख्मा म्हणायची, "म्हशीवर तरी भरवसा ठेवा जी." यावर तो नुसता हुंकार द्यायचा.

त्याचाही अगदीच दोष नव्हता. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आत सात किलोमीटरवर खैरटोला, आणि खैरटोल्याच्या तलावाचा भैयाजी पाणकर. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडणं-बंद करणं आणि कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी जाणार हे ठरवणं, हे त्याचं काम. धान गर्भात आलं की गावातला एकूण एक माणूस खोटं बोलतो. सख्खा भाऊ बोलतो, भजनातला टाळकरी बोलतो. बावीस वर्षं ते ऐकून भैयाजीचे कान किटले होते.

त्यावर गावाचा एक जुना इलाज होता. कोणी नहर फोडून पाणी चोरल्याचा संशय आला की त्याला तलावात गुडघाभर पाण्यात उभं करायचं आणि मग विचारायचं. तलाव खोदला तो गावकऱ्यांच्याच कोहळी जातीच्या पूर्वजांनी, हातांनी, टोपल्यांनी. त्या पाण्यात उभं राहून खोटं बोलायची कोणाची छाती व्हायची नाही. वर तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून शपथा खाणारी माणसं पाण्यात पाय पडला की खाली बघायची आणि खरं सांगून टाकायची. भैयाजीचा पोलिसावर नव्हता, कोर्टावर नव्हता, पण या पाण्यावर पुरा भरवसा होता.

आणि आता त्याच्या डोक्यात ब्रॉडीसाहेब बसला होता.

फर्गस ब्रॉडी हा स्कॉटलंडचा माणूस. वय साठीच्या आसपास, डोक्याला टक्कल, पोट सुटलेलं, चेहरा उन्हाने भाजून तांबडालाल. नागपूरच्या एका संस्थेने त्याला जानेवारीत पाठवलं होतं, खेड्यातल्या पोरींना फुटबॉल शिकवायला. कोहमाऱ्याला एका ढाब्याच्या वरची खोली भाड्याने घेऊन तो राहायचा आणि मंगळवारी, शनिवारी खैरटोल्याच्या शाळेच्या मैदानावर यायचा. एकेकाळी आपल्या देशात तो फॉरवर्ड होता, म्हणजे सगळ्यांत पुढे राहून गोल मारणारा, असं तो सांगायचा. आता हे सांगायला काय जातं? भैयाजीही लहानपणी कबड्डीत जिल्हा गाजवल्याचं सांगायचा.

भैयाजीची धाकटी पोरगी हर्षा, सोळा वर्षांची, त्याच्याकडे खेळायची. नुसती खेळायची नाही, चेंडू तिच्या पायाला चिकटून राहायचा. जून महिन्यात साहेबाने तिचं नाव नागपूरला कळवलं. वर्षभर तिथं वसतिगृहात राहायचं, शिकायचं, खेळायचं. सगळा खर्च संस्थेचा. वीस ऑक्टोबरला निवड होती. शाळेतल्या स्वप्निल गुरुजींनी फॉर्म घरी आणून दिला. त्यावर फक्त बापाची सही राहिली होती.

सगळा खर्च संस्थेचा, हे ऐकूनच भैयाजीच्या कपाळावर आठी पडली. परक्या मुलखातला माणूस सात समुद्र ओलांडून कोहमाऱ्याच्या ट्रकांच्या धुरात राहतो, दुसऱ्याच्या पोरींना फुकट खेळ शिकवतो. कायले?

त्या आठीवर दुकानदार दुलीचंदने आणखी रेघा ओढल्या. दुलीचंदला मोबाईलवर वाटेल ते शोधायचा नाद. त्याने एक दिवस भैयाजीला दुकानात बोलावून पडदा दाखवला.

"हे देख भैयाजी. फर्गस ब्रॉडी, फॉरवर्ड. दोनशे अकरा सामने, गोल किती? अडतीस! दोनशेमें अडतीस! आपली हर्षा हप्त्यात पाच मारते. आन् फोटो देख."

फोटोत एक सडसडीत पोरगा होता. लाल केसांचं जंगल, गाल बसलेले, पाय काठीसारखे.

"हा तो नोहे," भैयाजी म्हणाला.

"मीबी तेच म्हणून राहिलो. दुसऱ्याच्या नावावर फिरते हा. पहिले कोण होता, काय होता, कोणाले पता?"

फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा होता, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुलीचंदचा स्वतःचा लग्नातला फोटो भिंतीवर टांगलेला होता आणि गिऱ्हाइकं हटकून विचारायची, हा कोण तुमचा भाऊ का?

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण मागच्या शनिवारी दुलीचंद धावतपळत घरी आला आणि रुख्मा आत गेल्यावर भैयाजीच्या कानाशी लागला. शाळेच्या मागच्या कडुनिंबाखाली त्याने साहेबाला बघितलं होतं. हर्षा दगडावर बसली होती. साहेब तिच्यापुढे जमिनीवर बसून तिचा पाय हातात घेऊन दाबत होता. पोरगी रडत होती.

भैयाजीच्या अंगाची आग झाली. त्याने हर्षाला विचारलं, "साहेब कडुनिंबाखाली काय करून राहिला होता?"

"मोच आली होती बाबा. थे पाहून राहिले होते."

"मंग रडत काऊन होती?"

"नोहती रडत," ती म्हणाली आणि गोठ्याकडे गेली.

त्याआधी साहेब दोनदा घरी येऊन गेला होता. दोन्ही वेळा भैयाजी मागच्या दाराने शेतात सटकला होता, कारण हर्षाने सांगितलं होतं की साहेब सहीसाठी आला आहे. आता त्याला वाटलं, एवढी घाई कशाची याला? सही नाही दिली तर याचं काय अडतं?

रुख्माने एकदाच तोंड उघडलं. "पोरगी हाये आपली. तिले इच्चारा ना नीट."

"तिले काय समजते? पोट्टी हाये. जो गोड बोलला थो चांगला." पोरीवर त्याला संशय नव्हता. ती भोळी आहे आणि तिला फसवलं जातंय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

शेवटी त्याने ठरवलं, साहेबाला पाण्यात उभं करायचं.

गावाला गंमत वाटली. स्वप्निल गुरुजी मात्र कानकोंडे झाले. "भैयाजी, तो पाहुणा माणूस आहे. असं बरं दिसतं का?"

"खरा असंल तं बोलंल. खोटा असंल तं उतरणार नाही. अन् इंग्रजी तुमी समजावून सांगा."

"मला त्याचं इंग्रजी कळत नाही," गुरुजींनी कबूल केलं. "आमच्या पुस्तकातलं नाही ते. शब्द अर्धे गिळतो. हर्षालाच कळतं."

तेव्हा दुभाषी हर्षा ठरली. नऊ महिने मैदानावर ऐकून ऐकून तिला साहेबाचं बोलणं पाठ झालं होतं, आणि तोडकंमोडकं का होईना ती बोलायचीही. यात काही चूक आहे असं कोणालाच वाटलं नाही. पाण्यात उभं राहणारा खरं बोलणार, मग काळजी कसली? जो तो पाण्यावरच विसंबून होता.

मंगळवारी सकाळी तलावाच्या पाळीवर वीस-पंचवीस माणसं जमली. पाणी पाळीला लागलेलं, पलीकडे शिंगाड्याची वेल पसरलेली. हर्षाने साहेबाला सगळं समजावलं असावं, कारण तो हसला नाही की रागावला नाही. बूट-मोजे काढून त्याने नीट बाजूला ठेवले, पँट मांडीपर्यंत गुंडाळली. तेव्हा त्याचा उजवा गुडघा सगळ्यांना दिसला. पोतं शिवावं तशी टाक्यांची रांग वरपासून खालपर्यंत गेली होती. बायांमध्ये कोणीतरी "अगाई गं" म्हणालं. साहेब दगड धरत धरत, एक पाय जपत, पाण्यात उतरला आणि वळून भैयाजीकडे तोंड करून उभा राहिला.

कुरकुर न करता उतरला, याचाही भैयाजीला संशय आलाच.

"इच्चार त्याले," तो हर्षाला म्हणाला. ती पाळीवर, त्याच्या शेजारी कोरड्या दगडावर उभी होती. "कोण हाये? इथं कायले आला? सारं सांग म्हणा."

साहेब बोलू लागला. हळू बोलत होता. थांबून हर्षाकडे बघायचा, ती मराठीत सांगायची, मग पुढे.

तो समुद्राकाठच्या एका गावचा. बाप मासे मारायच्या बोटीवर. सोळाव्या वर्षी तोही मासे चिरायच्या कारखान्यात लागला. हातांचा वास जायचा नाही म्हणून नाचाला कोणी पोरगी जोडीला यायची नाही. संध्याकाळी बंदरामागच्या मैदानावर खेळायचा. एका क्लबच्या माणसाने बघितलं आणि नेलं. एकोणिसाव्या वर्षी पहिला मोठा सामना, पावसात, डोक्याने मारलेला गोल. बाप त्या दिवशी बोटीवर होता. त्याला दोन दिवसांनी कळलं.

"अडतीसच गोल काऊन म्हणून इच्चार," दुलीचंद मागून ओरडला.

हर्षाने विचारलं. साहेब पहिल्यांदा हसला. ती म्हणाली, "म्हणते, फॉरवर्डचं अर्धं काम पळायचं असते. आपण पळालो का दोघं आपल्यामागे येते, मंग दुसऱ्याले जागा भेटते. ते कुठंच लिहून ठेवत नाही म्हणते."

पाळीवरची काही माणसं माना डोलावू लागली. भैयाजीच्याही मनात आलं की एवढं जुळवून सांगायचं तर माणूस फार हुशार पाहिजे. पण हुशार तर तो असणारच, असंही लगेच वाटलं.

मग साहेबाचा आवाज बदलला. तो बराच वेळ बोलला, मधे थांबलाच नाही. एकदा त्याने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. एकदा बोट उचलून हर्षाकडे दाखवलं. शेवटी थेट भैयाजीच्या डोळ्यांत बघून काही म्हणाला.

हर्षा म्हणाली, "म्हणते, बाविसाव्या वर्षी गुडघा गेला. मंग लहान क्लबात खेळले. एकतिसाव्या वर्षी बंद केलं. पावाची गाडी चालवली, मंग पोरायले शिकवू लागले. नागपुरात सारं बरोबर होईल म्हणते. काळजी नका करू."

इंग्रजी भैयाजीला येत नव्हतं. पण काही शब्द खैरटोल्यात म्हशीलाही कळतात. त्या लांबलचक बोलण्यात त्याने 'इंजेक्शन' तीनदा ऐकलं होतं. 'डॉक्टर' ऐकलं होतं. 'नागपूर' ऐकलं होतं आणि त्याच्यामागे लगेच 'नो' ऐकलं होतं, मान हलवून म्हटलेलं. हर्षाच्या मराठीत यातलं काही नव्हतं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, हा माणूस पोरींना कसलं तरी इंजेक्शन देतो.

"इंजेक्शन कायचं म्हणून राहिला थो?"

"कुठं काय?"

"तीनदा म्हणला. मी बहिरा नोहो."

"त्यायचं... त्यायले देत होते पहिले. गुडघ्याले."

"अन् नागपूर नो, हे काय?"

हर्षा पायाच्या अंगठ्याने दगडावरची माती उकरत होती. भैयाजीने बावीस वर्षांत पाणीचोरांचे शेकडो अंगठे माती उकरताना बघितले होते. आज आपल्याच पोरीचा अंगठा तसा चालला होता. आपण जगभर संशय घेत फिरलो आणि हिच्यावर एकदाही घेतला नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याचा त्याला अभिमान वाटावा की लाज, हे कळेना.

"उतर," तो म्हणाला.

"बाबा..."

"पाण्यात उतर. मंग सांग."

रुख्मा बायांमधून उठून पुढे आली. हर्षाने एक पाय खाली टाकला, मग दुसरा. उतरताना डावा गुडघा तिने वाकवलाच नाही. पाय सरळ ठेवून, कमरेतून हेलकावा देत ती उतरली. साहेबाने हात पुढे केला आणि तिला धरून आपल्या शेजारी उभं केलं.

"आता बोल."

ती खाली बघत बोलली. आवाज एवढा लहान होता की मागच्यांना ऐकू गेला नसेल.

"म्हणते, बाविसाव्या वर्षी त्यायचा गुडघा दुखत होता. मोठा सामना होता. क्लबच्या मालकानं इंजेक्शन देऊन खेळवलं. त्यायनं गोलबी मारला. दुखलंच नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी उठता नाही आलं. मंग तीनदा कापला गुडघा. पुढं नऊ वर्सं खेळले, पण पहिल्यासारखं कधीच नाही. शेवटच्या वीस मिनिटासाठी पाठवत होते फक्त."

"अन्?"

"अन् तुमच्या पोरीचा गुडघाबी आतून बिघडला म्हणते. दोन महिने झाले. थे कोणाले सांगत नाही. पोरगी मले म्हणते इंजेक्शन द्या, वीस तारखेले खेळतो. मी देणार नाही. तिले नागपूरले पाठवू नका. आंधी डॉक्टरकडे न्या. हे सांगायलेच दोनदा घरी आलो होतो, तुमी भेटले नाही." ती थांबली. मग साहेबाने न सांगितलेलं तिने आपणहून जोडलं. "इथून एकबी पोरगी नाही गेली तं त्यायचं इथलं काम बंद होते बाबा. गुरुजीनं सांगतलं मले. तरीबी म्हणते नका पाठवू."

दुलीचंद पाळीवरून कधी निघून गेला ते कोणी पाहिलं नाही.

भैयाजी साहेबाकडे बघू शकत नव्हता. तो पोरीकडेच बघत राहिला. राग यायला पाहिजे होता, आणि आलाही, पण त्याला धरायला जागा सापडेना.

"दोन महिने," तो म्हणाला. "बापाले काऊन नाही सांगतलं?"

हर्षाने मान वर केली. डोळे कोरडे होते तिचे.

"सांगतलं होतं. रोवणीत. शेजारच्या सेवकरामच्या बांधीत पाय चिखलात फसला अन् मुरगळला, तवा सांगतलं होतं. तुमी साऱ्या बायांपुढं म्हणले, फुटबॉलले पाय चालते, अन् रोवणीले दुखते का? ढोंग करते म्हणले. मंग सारे हासले. मंग बारा दिवस रोवणी केली मी. मंग नाही सांगतलं कोणाले."

भैयाजीला ते आठवलं. नीट आठवलं. धान लावायला वाकलेल्या बायांची रांग, हातात पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या, आणि आपल्या बोलण्यावर उठलेला तो हशा. आपण तेव्हा किती खूश झालो होतो, तेही आठवलं. पोरीवर आपण संशय घेतलाच नाही, असं मघाशी त्याला वाटलं होतं. घेतला होता. एवढ्या सहज घेतला होता की घेतल्याचं लक्षातही राहिलं नव्हतं.

रुख्मा त्याच्याकडे बघत होती. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"त्याले इच्चार," भैयाजी म्हणाला. "गुडघा बरा झाला तं पुढच्या वर्सी नाव टाकंल का म्हणा."

हर्षाने विचारलं. साहेब थोडंसंच बोलला.

"म्हणते, मी असलो तं टाकीन. नसलो तं जो येईल त्याच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवीन. पण आंधी डॉक्टर."

"उद्या जाऊ," भैयाजी म्हणाला. "गोंदियाले. सकाळच्या गाडीनं." मग म्हणाला, "साहेबाले म्हणा, माफ कर. असं म्हणता येते का इंग्रजीत?"

"येते," ती म्हणाली आणि दोन शब्दांत सांगून टाकलं. साहेबाने नुसती मान हलवली. पाण्यात उभं राहून त्याचा गुडघा आखडला होता. स्वप्निल गुरुजींनी त्याला हात देऊन बाहेर काढलं आणि बूट आणून दिले. माणसं उठून आपापल्या कामाला लागली. धानाला पाणी सोडायची वेळ झाली होती आणि आज तुडूम कोणी उघडलं नव्हतं.

भैयाजीने वाकून हर्षाला हात दिला. तिने तो धरला. वर येताना डावा पाय एकदा लचकला आणि तिने दात ओठांत रोवले. ते त्याने अगदी जवळून पाहिलं.

"लय दुखते का वो?" त्याने विचारलं. असं त्याने तिला या आधी कधीच विचारलं नव्हतं.

हर्षा पाळीवर आली होती. तिने ओढणीने पाय पुसले, चप्पल घातली.

"नाही दुखत बाबा," ती म्हणाली, आणि आईचा खांदा धरून घराकडे निघाली.